ठिकाण : देवास, धाकटी पाती

काका गेले तेव्हा त्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला. हिंदीतून. वर गुलाबाचं चित्र, खाली जोडलेले हात, मधल्या चार ओळी वेगवेगळ्या रंगांत आणि 'पिताजी' हा शब्द सोनेरी. मुलाला दोष नाही; त्या घाईत हाताला जे तयार मिळालं ते त्याने पुढे ढकललं. पण माझ्या मनात आधी आलं ते हे, की काकांनी हा निरोप पाहिला असता तर परत पाठवून खाली लिहिलं असतं, 'मजकूर ठीक आहे. पोशाख उतरवून पुन्हा पाठवावा.' रडू त्यानंतर आलं.

देवासला मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. मी धारची. नोकरी देवासच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, पाळ्यांची; शनिवारी संध्याकाळी इंदूरला बस बदलून घरी जायचं आणि सोमवारी सकाळी परत. खोली पाहायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं गोत्र विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्नाचं तर नाहीच. "मराठी पत्र वाचता येतं का?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "काका, शाळा हिंदीत झाली ना. बोलते बरोबर, वाचताना अटकते."

"अटका," ते म्हणाले. "रोज थोडं अटका. होईल."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला आहे. पण खोली हवेशीर होती आणि खिडकीतून टेकडीवरचं देऊळ दिसत होतं, म्हणून राहिले.

आठवडा झाला नसेल, दाराखालून एक कागद आत आला. वर मधोमध श्री. उजवीकडे 'देवास, धाकटी पाती' आणि खाली तारीख. डाव्या हाताला हा एवढा समास सोडलेला. मग विषय : वरील मजल्यावरचा नळ टपकत असल्याबाबत. मग 'चि. कु.' करून माझं नाव, अनेक उत्तम आशीर्वाद, नळाच्या वायसरविषयी तीन वाक्यं, आणि शेवटी 'लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती'. मी अडखळत अडखळत सगळं वाचलं. पत्र लिहिणारे गृहस्थ त्या वेळी बरोबर माझ्या खोलीखाली ओसरीत मटार सोलत बसले होते. मी कठड्यावरून वाकून म्हटलं, "काका, नळ उद्या ठीक करवून घेते."

त्यांनी मान वर केली नाही. "लेखी कळवावे."

देवासला पूर्वी एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. काकांचे आजोबा धाकट्या पातीच्या कचेरीत पत्रं लिहायला होते. ती राज्यं बुडाली, कचेरी गेली, पण काकांच्या पत्रावर धाकटी पाती अजून नांदत होती. पोस्टमनने एकदा विचारलं, "अंकल, ये पाती कौन सी कॉलोनी में है?" तर काका त्याला बसवून घेऊन अर्धा तास इतिहास सांगत होते आणि त्याच्या पिशवीतली बाकीची कॉलनी वाट बघत होती.

ते स्वतः सरकारी खात्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. त्यांच्या कॉम्प्युटरवर मी पहिल्यांदा डोकावले तेव्हा मला तो बिघडलाय असं वाटलं. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, बस. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, अक्षर जाड-बारीक करायची सोय नाही. वरच्या चार-पाच ओळींत ठिकाण, प्रति, विषय, मायना, समाप्ती, प्रत्येकापुढे त्यांनी भरलेलं काहीतरी. त्याखाली नुसता मजकूर, उघडाबोडका. लिहून झालं की ते दोन कळा एकदम दाबत आणि त्या उघड्या मजकुरातून नीट मांडलेलं पत्र बाहेर येई. समास जिथल्या तिथे, तारीख जिथल्या तिथे, सहीला जागा. याला सगळं जग काय म्हणतं ते त्यांना माहीत होतं. ते म्हणत 'रवानगी'. "जरा थांब, रवानगी करून येतो."

पत्राचा सांगाडा त्यांनी स्वतः बांधला होता, एका वेगळ्या फाइलीत, कित्येक वर्षं डागडुजी करत. वडील माणसांना एक, धाकट्यांना एक, कचेरीला एक. दुःखाच्या पत्राचा वेगळा, त्याच्या माथ्यावर श्री येत नसे. आणि ठिकाण लिहायचं राहून गेलं तर सांगाडा आपणहून 'देवास, धाकटी पाती' भरत असे, कारण बिनठिकाणाचं पत्र आपल्या घरातून बाहेर पडावं हे त्यांना खपण्यासारखं नव्हतं. या सगळ्यावर त्यांचा इतका विश्वास, की छापून आलेलं पत्र ते कधी वाचत नसत. घडी घालायची की पाकिटात. "मजकूर तपासलाय. सांगाडा माझा आहे. मग छापलेलं काय वाचायचं?"

"आधी मजकूर, मग पोशाख," हे त्यांचं पालुपद. एकदा मराठी समाजाचे सचिव गणपतीची सूचना घेऊन आले, पेनड्राइव्हवर. सहा तऱ्हेची अक्षरं, कडेला वेलबुट्टी, मागे फिकट मोदक. काकांनी ती आपल्या काळ्या पडद्यावर उघडली तशी सगळी सजावट गळून पडली आणि खाली उरलं, 'सर्वांनी यावे.' कधी यावं, कुठे यावं, काहीच नाही.

सचिव म्हणाले, "काका, थोडं डिझाइन तर पाहिजे ना यार. ऐसे में पब्लिक कैसे आएगी?"

"पब्लिक येईल हो," काका म्हणाले. "कुठल्या दिवशी येईल ते मोदकाला विचारा."

मुलाला ते दर रविवारी पत्र लिहीत. मुलगा लांब, परदेशात. त्याचंही शिक्षण हिंदीत आणि मग इंग्रजीत, मराठी वाचायला त्याला माझ्याहून जड. पत्र फोनवर जाई आणि थोड्या वेळाने तिकडून एक अंगठा येई. काका तो अंगठा मला सोमवारी दाखवत. "पोच आली," म्हणत. उत्तर मात्र त्या सांगाड्यातून गेलेल्या पत्रांना, एक माझं सोडलं तर, कधी आलं नव्हतं. मी वायसर बदलल्याचं लेखी कळवलं होतं तेव्हा तो कागद त्यांनी किती दिवस टेबलावर काचेखाली ठेवला होता.

काकूंविषयी मी इतका वेळ बोलले नाही, कारण बोलायला लागलं की मला थांबता येत नाही.

मी राहायला गेले तेव्हा काकू चांगल्या होत्या, म्हणजे साखर दोनदा घालायच्या एवढंच. मग गॅस विसरू लागल्या. मग दिवस, मग घर. त्यांना सांभाळायला धारजवळच्या तिरल्याकडची एक बाई ठेवली. आणि एका सकाळी मी खाली उतरले तर काकूंनी पदर सारखा केला, मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "पोरी, ते गृहस्थ कोण बसलेत गं? सकाळपासून बसलेत. घरात पुरुषमाणूस नाही, हे धारला आहेत. त्यांना म्हणावं, नंतर या."

ओसरीत काका बसले होते. त्यांनी ऐकलं. पेपर खाली ठेवला आणि उठून मागल्या अंगणात गेले.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं काकांची नोकरी धारला होती. तिथे भाड्याची खोली, आणि काकू इथे सासरी. जायला-यायला आजच्यासारखं सोपं नव्हतं, एक दिवसाआड पत्र यायचं. काकू चालत चालत मागे जाऊन त्या वर्षांत पोचल्या होत्या आणि तिथेच राहिल्या. काकांना आपल्या खोलीत येऊ देईनात. त्यांच्या हातून पाणी घेईनात, गोळी तर नाहीच. परक्या माणसासमोर जेवायचं कसं, म्हणून तोंड फिरवून बसायच्या. भरलं ताट तसंच परत आणून बाई सांगायची, "काकाजी, माँजी ने कईं नी खायो." आणि दिवसभर एकच प्रश्न, मला, बाईला, दूधवाल्याला : "पत्र आलं का?"

किती दिवस असे गेले ते मला सांगता यायचं नाही. काका वाळत चालले. एका दुपारी ते कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले आणि ठिकाणापुढे त्यांनी लिहिलं, धार. थोड्या वेळाने माझ्या हातात घडी घातलेला कागद दिला. "तू नेऊन दे. मी दिलं तर घ्यायची नाही."

काकूंनी पत्र कपाळाला लावलं. उलगडलं. चेहरे विसरल्या होत्या तरी वाचणं त्यांचं शाबूत होतं, मोठ्याने, स्पष्ट, श्रीपासून. 'धार' म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. पत्रात काय, तर खोलीवर उंदीर झालेत, खानावळीत भेंडी रोज असते, तू जेवण वेळेवर घेत जा आणि वैद्यांनी दिलेली गोळी चुकवू नकोस. काकू त्या दिवशी पोटभर जेवल्या, गोळी घेतली. काका स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून पाहत होते.

मग हे रोजचंच झालं. माझ्याकडे काम आलं ते धारच्या बातम्या पुरवायचं. सोमवारी मी आले की काका विचारायचे, "काय चाललंय धारला?" मी सांगायचे, स्टँडजवळ मोबाइलचं मोठं दुकान निघालंय. "ते नको. तिच्या धारला मोबाइल नाहीत." मी सांगायचे, तिरल्याच्या रस्त्याला गहू कापणीला आलाय. "हे चालेल. गहू तेव्हाही होता." असं करत करत आम्ही दोघांनी मिळून एक जुनं धार उभं केलं. मी जन्मले तेव्हा ते कधीच संपलेलं होतं, तरी मला ते पाठ झालं. माझं वाचनही त्याच पत्रांवर सुधारलं, पण ते असो.

आणि मग ती चूक झाली. त्या दिवशी बाई आली नव्हती, काकांची धांदल उडाली होती, आणि त्यांनी नवीन पत्र घेताना ठिकाणाची ओळ रिकामी सोडली. रिकामी ओळ सांगाड्याने भरली, जशी भरायला त्यांनीच शिकवली होती. छापलेलं त्यांनी नेहमीसारखं वाचलं नाही. घडी घालून माझ्या हातात दिलं.

काकू वाचू लागल्या. "श्री. देवास, धाकटी पाती." आणि थांबल्या. पुन्हा वाचलं.

"आलेत?" त्यांनी मला विचारलं. "गावात आलेत?"

काकूंनी कपाटातलं हिरवं लुगडं काढायला लावलं. वेणी घालून घेतली. ओसरीत खुर्ची टाकून फाटकाकडे तोंड करून बसल्या. जेवायला चला म्हटलं तर, "हे आले की." ऊन ओसरीवर आलं तरी उठेनात. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला म्हणाल्या, "गावात यायचं आणि घरी यायचं नाही, असं कधी केलं नाही गं त्यांनी. माझं काही चुकलं का? तुला काही बोलले का?"

आतल्या दाराशी काका उभे होते. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. दोनदा पुढे येऊ लागले आणि दोनदा थांबले. पुढे येऊन सांगणार काय, मी हा इथेच आहे म्हणून? ते सांगून झालं होतं, कितीदा तरी, आणि दर वेळी काकू घाबरून माझा हात धरत.

मग ते आत गेले. इस्त्रीचा शर्ट घातला, प्रवासाची कापडी पिशवी घेतली आणि मागल्या दाराने गल्लीत उतरले. थोड्या वेळाने फाटक वाजलं. काका पुढून आत येत होते, लांबून आल्यासारखे, धापा टाकत. त्या खोट्या नव्हत्या, गल्ली चढाची आहे.

काकू उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या, पांढरे केस, चष्मा, पिशवी. मी देवाचं नाव घेत होते. काकूंनी पदर डोक्यावरून घेतला.

"या," त्या म्हणाल्या. "धारहून आलात?"

"हो."

"हे नाही आले?"

काकांचे ओठ हलले. ते काय म्हणणार होते ते मला ठाऊक आहे, पण त्यांनी ते म्हटलं नाही. "स्टँडवर उतरले होते," ते म्हणाले. "तिथेच कामाचं बोलावणं आलं, परत जावं लागलं. मला पाठवलंय, घरी सांगून ये म्हणून."

"रागावले नाहीत ना?"

"नाही हो. तुमच्यावर कोण रागावेल?"

काकूंनी सुस्कारा सोडला. "बसा. लांबून आलात. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." मला म्हणाल्या, "पोरी, पाहुण्यांना आधी पाणी दे."

त्या दिवसापासून काका आपल्या घरात पाहुणे म्हणून येऊ लागले. चहाच्या वेळी मागल्या दाराने बाहेर, पुढल्या फाटकाने आत, हातात पिशवी, पिशवीत पत्र. धारच्या पाहुण्याला काकू खोलीत बसू देत, आपल्या हाताने बशीत लाडू ठेवत, खाल्ला नाही तर रागवत. नवरा म्हणून बाहेर घालवलेल्या माणसाला निरोप्या म्हणून मान मिळाला. समोरचा दुकानदार मला म्हणाला, "दीदी, अंकल रोज पीछे से निकल के आगे से क्यों आते हैं?" मी म्हटलं, "भिया, धार से आते हैं." तो हसला आणि मग माझ्याकडे बघून आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला.

असे काही महिने गेले. काकू अंथरुणाला खिळत चालल्या. एकदा पाहुण्यांना म्हणाल्या, "माझा हात चालत नाही. तुम्ही लिहून घ्याल का? त्यांची इतकी पत्रं आली, मी एकालाही उत्तर धाडलं नाही."

काकांनी कॉम्प्युटर खोलीत आणवला. काळा पडदा उघडला. वरच्या ओळी भरू लागले. "ठिकाण काय घालू?"

"देवास. धाकटी पाती नको, त्यांना ठाऊक आहे."

प्रति या ओळीपुढे काकांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि धारच्या त्या जुन्या खोलीचा पत्ता. मग काकू थांबत थांबत सांगू लागल्या आणि ते लिहू लागले. 'तुमची पत्रं पोचतात. मी बरी आहे. गोळी घेते. तुम्ही ज्यांना पाठवता ते गृहस्थ फार सज्जन आहेत, पण आता थकलेत. त्यांना रोज एवढ्या लांबून धाडत जाऊ नका. एकदा तुम्हीच या.'

काकांची बोटं थांबली. काकू म्हणाल्या, "लिहिलंत?"

"लिहितोय."

"शेवटी, वाट पाहते, एवढंच घाला. आणि आजच टाका."

त्यांनी दोन कळा दाबल्या. पत्र छापून आलं. हे पत्र मात्र त्यांनी उघडून वाचलं, माझ्यासमोर, पहिल्या ओळीपासून. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी काकूंचं नाव आणि घरचा पत्ता घातला. मी म्हटलं, "काका, ज्यांना आहे त्यांच्या हातात तर आहेच. कशाला टाकायचं?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तिनं टाकायला सांगितलंय." आणि स्वतः चालत जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकून आले.

काकू त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. सकाळी झोपेतच गेल्या. दुःखाचं पत्र काकांनी लिहिलं, माथ्यावर श्री नसलेलं, दोन वाक्यांचं. ती पत्रं गेली, लोक आले, मुलगा आला, दिवस झाले, मुलगा परत गेला. चहाच्या वेळी मागलं दार उघडेनासं झालं. काका ओसरीतच बसून राहत.

नंतर एका सकाळी पोस्टमनने ते पाकीट माझ्या हातात दिलं. धारला जाऊन परत आलेलं. वर लाल शाईने कुणीतरी हिंदीत लिहिलं होतं, 'इस नाम का कोई नहीं मिला. भेजने वाले को वापस.'

काकांना द्यावं की लपवावं, मला कळेना. दिलं. त्यांनी चष्मा लावून लाल शाईची ओळ वाचली. पाकीट उलटसुलट केलं. मी म्हटलं, "उघडू का?"

"नाही," ते म्हणाले. "पाठवणाऱ्याला परत आलंय. तिचं आहे. आपण कसं उघडायचं?" ते उठले आणि काकूंच्या खोलीत, त्यांच्या उशाशी पत्रांचा गठ्ठा होता त्यावर, पाकीट ठेवून आले.

दुपारी मी चहा ठेवत होते तेव्हा फाटक वाजलं. मी बाहेर आले. काका फाटकातून आत येत होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात पिशवी नव्हती. ओसरीत पाहुण्यांची खुर्ची होती तिथे थांबले नाहीत. चपला काढल्या आणि सरळ काकूंच्या खोलीत गेले.

मी चहा घेऊन गेले तर ते पलंगावर बसले होते. इतके महिने त्या खोलीत ते दाराजवळच्या स्टुलावरच बसत आले होते.

"काका," मी म्हटलं, "आज आता कशाला पुढून आलात?"

"तिनं बोलावलं होतं ना," ते म्हणाले. "एकदा तुम्हीच या, म्हणून. आलो."